हसऱ्या नळासकट घर

त्या गल्लीत शांतता इतकी, की पिकलेलं पान झाडावरून पडण्याआधी दोनदा विचार करायचं. शहर जिथं दमून थांबतं आणि मोकळं रान अजून सुरू व्हायचं असतं, तिथं ही वस्ती. दोन्ही बाजूंना बैठी घरं, घरापुढे कमरेएवढं कुंपण, कुंपणावर वेल आणि वेलीआड एक तरी डोळा. दुपारी कुणी शिंकलं, तर चार घरं सोडून पाचव्या घरातल्या काकू खिडकी उघडून विचारायच्या, "कुणाला गं सर्दी झाली?"

या गल्लीतल्या शेवटच्या घरात लिफ्टवाले आजोबा राहायचे. एका बारा मजली कचेरीत त्यांची सगळी नोकरी लिफ्टमध्ये गेली. बटणं दाबायची आणि गोष्टी सांगायच्या, ही त्यांची दोन कामं. पगार पहिल्याचा मिळायचा, पण जीव दुसऱ्यात होता. प्रत्येक गोष्ट मजल्यावर बेतलेली. तिसऱ्या मजल्याचा माणूस असेल तर चुटका, सातव्याचा असेल तर भूत, आणि बाराव्यावरच्या बड्या साहेबांना पळून गेलेल्या नवरीची गोष्ट. मेख अशी, की गोष्ट ऐन रंगात यायची आणि नेमका मजला यायचा. आजोबा दार सरकवत म्हणायचे, "उरलेलं उतरताना." नवरी सापडली की नाही, या घोरात एक साहेब म्हणे दिवसभर नुसते वर-खाली करत राहिले आणि नोकरी घालवून बसले. शेवट काही त्यांना कळला नाही. कसा कळणार? तो आजोबांनाच ठाऊक नव्हता. आयुष्यात एकही गोष्ट त्यांनी संपवली नव्हती; संपवायची वेळच आली नव्हती.

पुढे आपलं आपण चालणारी लिफ्ट आली. मजला आला की तिच्यातली एक न दिसणारी बाई गोड आवाजात सांगायची, "पाचवा मजला." आजोबांनी तो आवाज एकदा ऐकला आणि टोपी काढून ठेवली. "मजला सांगते, ठीक आहे. पण हिला एक तरी गोष्ट येते का?" म्हणाले, आणि पायाखाली जमीन असलेलं हे घर घेऊन राहिले. पुन्हा कधी लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही, अशी शपथच घेतली. आजी होत्या तोवर घरात बोलायला माणूस होतं. त्या गेल्यावर आजोबा कुंपणापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला गाठायचे. पण गल्ली पडली शांत. लोक मान हलवायचे आणि पुढे सरकायचे.

त्यांना एकच मुलगी. तिचं औषधांचं दुकान आणि राहायला अकराव्या मजल्यावर. स्वभावानं प्रेमळ, पण बोलणं औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं. एके दिवशी ती अचानक आली, तर बाबा छपरावर. पाण्याची टाकी बघायला चढले, शिडी खाली घसरली, आणि सकाळपासून ते वरच बसलेले. गल्लीतून सात-आठ माणसं गेली, प्रत्येकानं विचारलं, "आजोबा, वर काय करताय?" आणि प्रत्येकाला आजोबांनी सांगितलं, "ढगांची मोजणी चाललीय. सरकारी काम." मदत मागायची म्हणजे गोष्ट संपल्यासारखंच की!

मुलीनं शिडी लावली, त्यांना खाली उतरवलं, पाणी दिलं. मग शिडी आपल्या गाडीच्या टपावर बांधली आणि म्हणाली, "बाबा, बस झालं. हे घर विकायचं. तुम्ही माझ्याकडे यायचं."

"अकराव्या मजल्यावर?"

"हो."

"लिफ्टनं?"

"मग काय उडत?"

"अगं, मी जन्मभर लोकांना वर नेलं. आता मला कुणी वर नेऊ नये, एवढंच मागणं आहे."

"विनोद जेवणानंतर," मुलगी म्हणाली. "एकटे पडलात आणि कुणाला कळलं नाही, तर मी काय करू? सांगा ना. काय करू मी?"

तिचे डोळे भरलेले बघून आजोबांची बोलती बंद झाली. हे क्वचित घडायचं. "बरं, विक," म्हणाले. कुंपणावर पाटी लागली: घर विकणे आहे. दलाल नेमला गेला. दर रविवारी गिऱ्हाइकं यायला लागली.

आता 'विक' म्हणाले होते हे खरं, पण 'विकू देईन' असं काही ते म्हणाले नव्हते. आणि गिऱ्हाईक म्हणजे काय? पायानं चालत आलेला श्रोता. तोही घर बघेपर्यंत हलू न शकणारा. लिफ्टनंतर असं सुख आजोबांना पहिल्यांदाच मिळत होतं.

पहिल्या रविवारी एक नवं जोडपं आलं. आजोबा त्यांना खिडकीपाशी घेऊन गेले. "ऊन बघताय ना? मी आलो तेव्हा हे ऊन त्या भिंतीवर पडायचं. घर फिरतंय हो. सूर्यफुलासारखं. दर वर्षी बोटभर. अजून काही वर्षांनी पुढचं दार शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उघडणार. त्यांना अजून सांगितलं नाही, उगीच कशाला." जोडपं चहा न पिता गेलं.

दुसऱ्या रविवारी एक गृहस्थ आले. त्यांना शांतता हवी होती. "शांतता ना? नको इतकी आहे," आजोबा म्हणाले. "या गल्लीत कुणी मनातल्या मनात खोटं बोललं, तरी शेजारी ऐकू जातं. परवा समोरचे मास्तर बायकोला म्हणाले, 'भाजी छान झालीय,' आणि आमच्याकडचं दूध नासलं." गृहस्थांबरोबर त्यांची बायकोही होती. तिनं नवऱ्याकडे एकदा निरखून पाहिलं. गृहस्थ म्हणाले, "आपण दुसरीकडे बघू."

दलाल रडकुंडीला आला. "आजोबा, गिऱ्हाईक पळवू नका हो! माझ्याही पोटाचा विचार करा."

"मी काय पळवतोय? घराची माहिती देतोय."

मुलीनं मात्र ओळखलं. तिनं बापाला समोर बसवून निर्वाणीचा डोस दिला. "या रविवारी एक बाई येणार आहेत. मी स्वतः हजर राहणार. त्यांनी घर घेते म्हटलं, की व्यवहार पक्का. तुम्ही कबूल करायचं. बोला, कबूल?"

आजोबांनी मनात हिशेब केला. आजवर एकही गिऱ्हाईक स्वयंपाकघराच्या पुढे टिकलेलं नव्हतं. "कबूल," ते ऐटीत म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी दलालाबरोबर एक बाई आल्या. आजोबांच्याच वयाच्या, ठेंगण्या, गळ्याभोवती जाडसा स्कार्फ. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे. दलालानं ओळख करून दिली, "या दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होत्या. तीस वर्षं."

"तीस वर्षं मी आ वासलेल्या माणसांशी बोललेय," दातवाल्या बाई म्हणाल्या. "पेशंट घाबरू नये म्हणून बोलायचं. आमचे डॉक्टर घुमे. मग मी मास्कआडून त्यांच्याच आवाजात बोलायची, पेशंटला वाटायचं डॉक्टरच किती मायाळू! लोक डॉक्टरांना पेढे आणून द्यायचे, दात किडलेले असताना."

आजोबांना हे ऐकून जरा अस्वस्थ वाटलं. बाईंचा सूर त्यांना ओळखीचा वाटला. स्वतःचाच होता तो. पण मुलगी बघत होती, म्हणून त्यांनी सुरुवात केली. खिडकी दाखवली, घर कसं फिरतंय ते सांगितलं.

बाईंनी मान डोलावली. "हळूच फिरतंय की. माझ्या मावसबहिणीचं घर इतकं फिरायचं, की पोस्टमनला रोज नवं दार शोधावं लागायचं. शेवटी त्यानं पत्रं उघडून मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. जिथं दार असेल तिथून ऐका म्हणाला."

आजोबांनी गल्लीतल्या शांततेचा हुकमाचा पत्ता टाकला, नासलेल्या दुधासकट.

"दूधच ना?" बाई म्हणाल्या. "आमच्या दवाखान्यात एकदा एक पुढारी आला. भूल द्यायच्या आधी म्हणाला, 'मी कधी खोटं बोलत नाही.' त्याची चांगली दाढ लाजेनं आपणहून बाहेर आली. किडकी शोधायला मग आम्हाला तास लागला."

दलाल हसला. मुलगीही हसली. शेरास सव्वाशेर भेटला होता, आणि तोही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. मागे हटायला जागा नव्हती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. समोर मोरीवरचा नळ. तोंडाला येईल ते त्यांनी फेकलं.

"हा नळ मात्र जपून वापरावा लागतो. हा हसतो."

"हसतो?"

"दुपारच्या चहाच्या वेळी. खिदळतो चक्क. आमच्या हिला तो सोडवेना म्हणून तर इतकी वर्षं घर सोडलं नाही. पाहुण्यांसमोर मात्र पंचाईत होते. कुणी दुःखाची बातमी सांगायला येतं, आणि हा आपला खीखीखी."

बाई नळाजवळ गेल्या, वाकून त्याच्या तोंडात डोकावल्या, अगदी दाढ तपासावी तशा. मग वळून म्हणाल्या, "दोन वर्षं मी घरं बघतेय. भाचीकडे एका खोलीत राहते, म्हणून. 'हवा खेळती आहे, पाणी भरपूर आहे' यापलीकडे कुणी एक शब्द बोलत नाही. सगळी मुकी घरं. हे घर मी घेते."

मुलगी आनंदानं पुढे झाली.

"एकच अट," बाई म्हणाल्या. "आजोबांनी जे जे सांगितलं ते ते घरासोबत मिळालं पाहिजे. फिरायचं ते हळूहळू कळेलच, शांतता दिसतेच आहे. पण नळ मला हसताना बघायचाय. पुढच्या रविवारी चहाला येते. नळ हसला, तर व्यवहार पक्का. नाही हसला, तर..." त्या दारात थांबल्या. "तर मी समजेन की आजोबा थापा मारतात."

त्या गेल्या. मुलगी बापाकडे बघून म्हणाली, "सुटलात बाबा. आता नळ काही हसणार नाही, आणि घर काही विकलं जाणार नाही. तुमच्या मनासारखं झालं." तिच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता.

बघा, दैवानं किती सोपं करून ठेवलं होतं! आजोबांनी काहीच करायचं नव्हतं. नळ आपला नळासारखा वागला असता, बाई गेल्या असत्या, घर वाचलं असतं. पण त्या दिवशी आजोबांना जेवण गेलं नाही. 'थापा मारतात.' जन्मात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणणार कुठून? म्हणेपर्यंत मजला यायचा. घर जाईल ही एक भीती, आणि लबाड ठरू ही दुसरी. इकडे आड, तिकडे विहीर. शहाणा माणूस असता तर घर वाचवलं असतं. आजोबा सोमवारी सकाळी पान्हा घेऊन नळाखाली शिरले.

आठवडाभर त्या शांत गल्लीनं असे आवाज ऐकले, की वेलींआडचे डोळे दुप्पट झाले. आजोबांनी नळाचं वायसर सैल केलं, तर नळ रडला. घट्ट केलं, तर घोरला. आत शिट्टी बसवली, तर समोरच्या मास्तरांना वाटलं शाळा भरली आणि ते डबा घेऊन निघाले. टाकीत थोडी हवा राहिली तर जमेल असं आजोबांना वाटलं, पण छपरावर जायला शिडी कुठं होती? शेवटी शुक्रवारी, मोरीखालची पाण्याची चावी अर्धी फिरवून आणि वायसरखाली दोऱ्याचा एक वेढा देऊन, त्यांनी नळ हलकेच उघडला. नळानं घसा खाकरला आणि म्हणाला, "खिक्. खी-खी-खी-खळ्ळ."

आजोबांनी आनंदानं टाळी वाजवली. मग हात तसेच जोडलेले राहिले. त्यांच्या ध्यानात आलं, की आपण स्वतःच्या हातानं स्वतःचं घर विकलं. समोर आजींची चहाची किटली, खिडकीतलं ऊन, पायाखालची गार फरशी. "हरकत नाही," ते नळाला म्हणाले. "आपला शब्द राहिला." पण त्या संध्याकाळी ते कुंपणापाशी उभे राहिले नाहीत.

रविवार उजाडला. मुलगी लवकर आली, तिनं घर आवरलं, बिस्किटं मांडली. चहाच्या वेळेला दातवाल्या बाई आल्या, दलाल आला. सगळे स्वयंपाकघरात जमले. आजोबांनी सदऱ्याची बाही वर सारली, नळाला हात घातला आणि उघडला.

नळ गप्प.

अजून उघडला. एक थेंबही नाही, खिक् नाही की खळ्ळ नाही. आजोबांच्या तोंडचंच पाणी पळालं. "थांबा हं," म्हणाले, "लाजतोय." दलालानं घड्याळ पाहिलं. मुलीनं नजर खाली घातली. आजोबांनी नळावर टिचक्या मारल्या, त्याला चुचकारलं, त्याच्या कानात, म्हणजे कान असतो तिथं, एक जुना चुटकाही सांगितला. नळ ढिम्म. बाईंकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

बाई पुढे आल्या. स्कार्फ नाकापर्यंत वर घेतला. "सर्दी आहे जरा," म्हणाल्या. मग नळासमोर वाकून मायेनं म्हणाल्या, "घाबरायचं नाही. आ करा बघू. अगदी दुखणार नाही."

आणि नळ हसला. खिक् नव्हे आणि खळ्ळ नव्हे, चांगला पोट धरून हसला. असं लांबलचक, लडिवाळ, गिरक्या घेत जाणारं हसू, की दलालाच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

"अय्या, पण खालची चावी तर मीच बंद..." मुलगी बोलून गेली. "सकाळी गळत होतं म्हणून मी पार बंद केली होती. मग हा..."

"मुली, तोंड एवढं उघडू नकोस," स्कार्फमधून बाई म्हणाल्या. "मागची दाढ दिसतेय. तपासून घे ती."

मुलीनं झटकन तोंड मिटलं. आजोबांनी नळाकडे पाहिलं, मग बाईंकडे. स्कार्फच्या वर दोनच डोळे दिसत होते आणि त्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्यांची नुसती जत्रा भरली होती. मास्कआडून डॉक्टरांना बोलतं करणाऱ्या बाईला नळ हसवणं काय अवघड! आजोबांना कळलं. तोंडघशी पाडायला आलेल्या बाईनं त्यांचा शब्द झेलला होता.

"हसला," आजोबा हळूच म्हणाले. "व्यवहार पक्का. घर तुमचं." आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले.

"कुठं पक्का?" बाईंनी स्कार्फ खाली केला. "मी म्हटलं होतं, जे जे सांगितलं ते ते घरासोबत. नळ हसतो हे खरं. पण त्याला हसवणारं माणूस नको का? उद्या मी एकटी असताना हा रुसला तर? मला अख्खं घर घेऊन करायचंय काय? मागच्या दोन खोल्या मी घेते. पुढच्या दोन तुमच्या. नळ सामाईक."

दलालाचं तोंड अर्ध्या दलालीच्या विचारानं उतरलं. मुलगी म्हणाली, "पण मावशी, बाबा एकटे राहू नयेत म्हणून तर मी..."

"एकटे कसे? मी काय भिंत आहे? आणि छपरावर चढलेच, तर शिडी मी धरीन. ढगही मीच मोजीन, यांची मोजणी मला पटत नाही."

"लोक काय म्हणतील?" आजोबा म्हणाले. ते तोंडदेखलं होतं.

"म्हणू देत की. तीस वर्षं मी बोलत होते आणि समोरचा नुसता 'आँ' करत होता. उलट बोलणारं माणूस मला या घरात पहिल्यांदा भेटलं. ते असं सोडू?"

मुलीनं बापाकडे पाहिलं. मोरीखालच्या चावीकडे पाहिलं. बाईंच्या स्कार्फकडे पाहिलं. औषधांच्या दुकानात इतकी वर्षं काढलेल्या मुलीला कुठल्या दुखण्यावर काय लागू पडतं, एवढं कळतच होतं. "बरं," म्हणाली. "रोज फोन करायचा. दोघांनीही. चुकवायचा नाही." आणि जाताना शिडी परत आणून द्यायचं कबूल केलं.

बाई राहायला आल्या. घराची पाटी काढायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण रविवार जवळ आला होता. आता गिऱ्हाईक आलं की आजोबा घर फिरवतात आणि बाई नळ हसवतात. परवा एक शिकलेलं कुटुंब आलं होतं. ते धावत फाटकापर्यंत गेलं, आणि तिथून त्यांचं लहान पोर रडत परत आलं, कारण त्याला नळ हवा होता. समोरचे मास्तर तर बायकोच्या स्वयंपाकाचं कौतुक आता गल्लीबाहेर जाऊन करतात.

एका संध्याकाळी दोघं अंगणात चहा घेत बसले होते. आजोबांनी पळून गेलेल्या नवरीची गोष्ट काढली. नवरी मागच्या दारानं निसटली, बग्गीत बसली, बग्गीवाल्यानं मागे वळून पाहिलं, आणि सवयीनं आजोबांनी न दिसणारं दार सरकवलं. "उरलेलं उतरताना."

"उतरताना?" बाई म्हणाल्या. "कुठं उतरायचंय? घर बैठं आहे. सांगा पुढं."

आजोबांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. कुठलाच मजला येत नव्हता. त्यांनी डोकं खाजवलं, कपातला उरलेला चहा तोंडात घेतला आणि जन्मात पहिल्यांदा एका गोष्टीचा शेवट शोधायला लागले. गल्ली नेहमीसारखी गप्प होती. बाई ओठ मिटून वाट बघत होत्या.

आणि आत, स्वयंपाकघरात, नळ खिदळला.

आजोबांनी बाईंकडे रोखून पाहिलं. बाईंनी आजोबांकडे.

आजोबांनी चहा कसाबसा गिळून विचारलं, "तुम्ही?"

"अहो, मला वाटलं तुम्ही!"